मोजून मिळालेले दात

कृष्णाकाठच्या माणसाला मगर काही नवी नाही. भिलवडी-औदुंबरच्या अंगाला थंडीच्या दिवसांत ऊन जरा वर आलं, की ती काठावर येऊन पसरते आणि जबडा आ वासून तास न् तास तशीच पडून राहते, आणि नावेतून जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटतं, की झालं, आता ही आपल्याला गिळणार. पण ती बिचारी उन्हात अंग शेकत पडलेली असते आणि डोकं फार तापू नये म्हणून तोंड उघडं ठेवते, असं जाणकार सांगतात. तर पोरांनो, त्या उघड्या तोंडात बघण्यासारखे असतात ते दात. लांबून बघा, दुर्बीण असली तर दुर्बिणीतून बघा, जवळ जाऊन खात्री करून घ्यायला मी तुम्हाला सांगितलेलं नाही. सत्तरच्या आतबाहेर दात असतात तिला, आणि त्यांतला कुठला लहान, कुठला थोर असला, तरी घडण सगळ्यांची एकच, बुडाशी जाड आणि टोकाला अणकुचीदार. आपल्यासारखे पुढचे दात तोडायला, सुळे फाडायला आणि मागच्या दाढा दळायला, अशी कामाची वाटणी तिच्याकडे नाहीच. मगर चावत नाही, ती धरते. धरून पाण्यात गरागरा फिरते, लचका तोडते, मान वर करते आणि गिळते. पुढचं सगळं पोटावर सोपवलेलं. पोट तरी कसलं, हाडंसुद्धा जिरवतं, आणि शिवाय चार दगडगोटे गिळून ठेवलेले असतात ते वेगळेच.

आता एवढ्या झोंबाझोंबीत दात पडणार हे आलंच. पण मगरीला त्याचं सुतक नसतं. तिच्या प्रत्येक दाताच्या बुडाशी, हिरडीच्या आत, पुढचा दात तयार होऊन बसलेला असतो, आणि जुना गळाला की नवा वर येतो, तोवर त्याच्याखाली तिसऱ्याची तयारी सुरू. नाईल नदीतल्या मगरींचे दात तपासणाऱ्यांनी हिशेब मांडला, की जनावर चारेक मीटर लांबीचं होईपर्यंत एकेका जागेवरचा दात चाळीस-पन्नास वेळा बदललेला असतो. म्हणजे जन्मभराचे दात तीन हजारांच्या घरात जातात! आणि त्यातही एक शहाणपण आहे. शेजारशेजारचे दात एकदम पडत नाहीत, एकाआड एक अशा लाटेने बदलत जातात, त्यामुळे तोंडात मोठं भगदाड असं कधी पडतच नाही. सरड्यांच्या बहुतेक जातींत आणि आपल्या भिंतीवरच्या पालीतही हाच कारभार. त्या पालीच्या तोंडात दात असतात का, असं धाकटी विचारते आहे. असतात बाई, अगदी बारीक, पण ओळीने असतात, आणि तेही असेच येत-जात राहतात.

हे एवढं मनात ठेवा आणि माझ्याबरोबर आता खरसुंडीच्या यात्रेत चला. तिथे खिलार जनावरांचा बाजार भरतो. पांढरेशुभ्र बैल, शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळा, आणि मालक शेजारी उभा राहून गुण गात असतो. पण मुरलेला व्यापारी त्याच्याकडे कान देत नाही. तो आधी बैलाचा खालचा ओठ ओढतो आणि दात बघतो. वरच्या बाजूला पुढचे दात बैलाला नसतातच, तिथे नुसती टणक गादी. जे काय आठ आहेत ते खाली. ते आठही दुधाचे असले तर जनावर आदत. मधले दोन पडून पक्के आले, की दुसा. चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही पक्के झाले की बैल जुळला. आमच्या चुलत्यांना एकदा एका मालकाने शपथेवर सांगितलं होतं, की अण्णा, हा नुकता चौसा झालाय, लेकराच्या मायेनं वाढवलाय. चुलत्यांनी ओठ ओढला, झिजून सपाट झालेले आठ दात पाहिले, ओठ सोडला, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि एक अक्षर न बोलता पुढच्या दावणीकडे गेले. मालकही काही बोलला नाही. दातांपुढे बोलणार काय?

पण मगरींचा बाजार भरला असता, तर याच चुलत्यांची पंचाईत झाली असती. जबडा उघडून दाखवला असता मालकाने (त्याचे हात शाबूत असते तर), आणि दिसलं काय असतं? दोन महिन्यांपूर्वी आलेला दात, त्याच्याशेजारी सहा महिन्यांचा, त्यापलीकडे कालचा. मगर दहा वर्षांची आहे की पन्नास, हे तिच्या दातांच्या गिनतीवरून काही कळायचं नाही. बैलाचं वय दातांत सापडतं, कारण त्याला दात मोजून मिळालेले आहेत: दुधाचे एकदा, पक्के एकदा, आणि दाढांतल्या मागच्या तीन तर एकदाच काय त्या. तुमचंआमचंही तेच. वीस पडायचे, बत्तीस यायचे, आणि पुढे जे होईल ते दवाखान्यात. मग मला सांगा, ज्याच्या घरी हजारोंनी दात येत होते, त्याने हा मोजका वाटा कशाला पत्करला असेल?

गोष्ट फार जुनी आहे, एकतीस-बत्तीस कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा कोरड्या जमिनीवर अंडी घालू शकणारी, सरड्यासारखी दिसणारी लहानशी जनावरं होती, आणि त्यांच्यात दोन घराणी फुटली. एका घराण्यात पुढे सरडे, साप, कासवं, मगरी, डायनोसॉर आणि पक्षी झाले. दुसऱ्यात शेवटी आपण झालो, म्हणजे बैल, उंदीर, वटवाघूळ, देवमासा आणि अण्णा. म्हणून आपण पालीचे नातू आहोत असं कुणी म्हणालं तर मानू नका. आपण तिचे भाऊबंद आहोत, वाटणी होऊन फार दिवस झालेले. पण सुरुवातीला दोन्ही घरच्या दातांची तऱ्हा जवळपास एकच होती: टोकदार, सारखे आणि पडतील तसे नवे.

पहिली कुरबुर झाली ती आपल्या घरात. तुमच्या खेळण्यांच्या डब्यात, डायनोसॉरांच्या गर्दीत, पाठीवर मोठं शीड असलेलं एक जनावर असतं ना, त्याचं नाव डायमेट्रोडॉन. ते चुकून त्या डब्यात गेलेलं आहे. पहिला डायनोसॉर जन्माला यायच्या कितीतरी आधी, काही कोटी वर्षं आधी, ते होऊन गेलं, आणि नात्याने ते डायनोसॉरपेक्षा आपल्याला जवळचं. अमेरिकेतल्या टेक्सासच्या तांबड्या खडकांत त्याची हाडं भरपूर सापडतात, आणि एडवर्ड कोप नावाच्या माणसाने १८७८ साली त्याला नाव दिलं तेच मुळी दातांवरून, दोन मापांचे दात असलेला म्हणून. पुढच्या बाजूला काही दात चांगले लांबलचक, बाकीचे बेताचे. सुळा नावाची वस्तू आपल्या घरात तिथे पहिल्यांदा डोकावली म्हणा ना.

पुढची हकीकत दक्षिण आफ्रिकेतली आहे आणि ती मला फार आवडते, कारण तिच्यातला माणूस पंडित नव्हता. अँड्र्यू गेडीज बेन हा स्कॉटलंडमधून तिकडे गेलेला, रस्ते बांधायच्या कामावरचा माणूस. भूशास्त्रावरचं लायेलचं गाजलेलं पुस्तक त्याच्या हाती पडलं, आणि त्याला जे वेड लागलं ते सुटलंच नाही. मग रस्त्यासाठी डोंगर फोडताना गडी खडी बाजूला करत आणि हा त्या खडीत हाडं बघत बसे. १८३८ मध्ये त्याला एक कवटी मिळाली, कासवासारखी चोच आणि वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन सुळे, बाकी तोंडात दातांचा पत्ता नाही. त्याने अशा जनावरांना आपलं दुदाती असं साधं नाव दिलं. पेट्या लंडनला गेल्या, आणि तिथे रिचर्ड ओवेनने १८४५ साली त्याचं बारसं केलं, डायसायनोडॉन, म्हणजे दोन श्वानदंतांचा. सरपटणाऱ्याचं डोकं आणि त्यात हे सुळे, हे बघून लंडनचे विद्वान चांगलेच बुचकळ्यात पडले. पुढे वीस वर्षांनी, १८६५ मध्ये, बंगालमधल्या राणीगंजच्या कोळसापट्ट्यातल्या खडकांतून याच गोतावळ्याची हाडं निघाली आणि टॉमस हक्स्लीने त्यांचं वर्णन लिहिलं. आफ्रिकेतला दुदाती बंगालात कसा, हे कोडं तेव्हा सुटेना. दोन्ही जमिनी एके काळी एकमेकींना चिकटलेल्या होत्या, हे कळायला आणखी बराच काळ जावा लागला. पण ती गोष्ट दुसऱ्या रात्री. आज दातांपासून हलायचं नाही.

हे दुदाती आपले थेट पूर्वज नव्हेत, चुलत घरातले. आपल्या वाटेवर जे भेटतं त्याचं नाव थ्रिनॅक्सोडॉन, मांजराएवढं, लांबोडक्या अंगाचं, बिळात राहणारं. पंचवीस कोटी वर्षांमागे पृथ्वीवर जीवांचा असा संहार झाला, की तसा ना आधी ना नंतर, आणि त्यातून जे मोजके वाचले त्यांत याचे नातेवाईक होते. याच्या तोंडात बघितलं की ओळख पटू लागते. पुढे बारीक कुरतडणारे दात, मग दोन्हीकडे एकेक ठसठशीत सुळा, आणि मागे गालाकडचे दात, त्यांना प्रत्येकी तीन टोकं. नावाचा अर्थच त्रिशूळदाती. टाळूही आता हाडाची झाली होती, तिच्यामुळे घास तोंडात घोळवत असताना नाकाने श्वास चालू ठेवता येतो. मगर गिळते तिला घाई असते. चावायचं म्हणजे सवड हवी.

याच थ्रिनॅक्सोडॉनचं एक बीळ सापडलं दक्षिण आफ्रिकेत, पुराच्या गाळाने भरून दगड झालेलं. ते फोडलं तर आतलं मोडणार, म्हणून ग्रेनोबलच्या प्रचंड क्षकिरण यंत्रात घालून शास्त्रज्ञांनी ते न फोडता आतून पाहिलं, आणि २०१३ साली जगाला सांगितलं, की आत घरमालक एकटा नाही. त्याच्या अंगाला लागून बेडकांच्या गोतातलं, सॅलॅमँडरसारखं एक जनावर पडलेलं आहे, बरगड्या मोडलेल्या आणि त्या भरून यायला लागलेल्या. म्हणजे हे जायबंदी जनावर आसरा शोधत बिळात शिरलं, आणि दात असूनही मालकाने त्याला हात लावला नाही; बहुधा तो उन्हाळ्याची गाढ झोप काढत असावा. मग पाणी आलं. पाहुणा आणि यजमान पंचवीस कोटी वर्षं तसेच पडून राहिले. पाहुण्याला बाहेर काढायचं धाडस मालकाला झालं नसेल, असं आमची ही म्हणते. तिचा पाहुण्यांचा अनुभव दांडगा आहे.

पण थ्रिनॅक्सोडॉन अजून जुन्या वळणाचाच होता. त्याचे मागचे दात पुन्हापुन्हा पडत आणि येत, एकाआड एक, मगरीच्या चालीने. दातांची वाटणी झाली होती, पण मोजणी सुरू झाली नव्हती.

ती सुरू झालेली दिसते ती वेल्समध्ये, आणि तिच्याशी जोडलेल्या माणसाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. वाल्टर क्यूने हा जर्मन, हिटलरच्या राज्यातून निसटून इंग्लंडला आला, आणि युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्याला जर्मन म्हणूनच आयल ऑफ मॅन बेटावर डांबून ठेवलं. हा गडी तिथेही स्वस्थ बसला नाही. सॉमरसेटच्या खाणीतून जमवलेल्या बारीक हाडांचं काम तो त्या छावणीत करत राहिला. पुढे, १९४९ साली, त्याने वेल्सच्या ग्लॅमॉर्गन भागातल्या चुनखडीच्या खाणीत मिळालेल्या एका बारीकशा दाताला मॉर्गनुकोडॉन असं नाव दिलं. वीस कोटी वर्षांपूर्वीचं, चिचुंदरीएवढं, किडे खाणारं जनावर. आणि त्याच्या दातांत ती गोष्ट होती: पुढचे एकदाच बदलत, आणि मागच्या दाढा एकदा आल्या की आल्या.

का बरं? तर त्याच्या दाढा झिजलेल्या कशा आहेत ते बघा. वरची खालचीला घासून दोघींवर गुळगुळीत सपाट जागा पडलेल्या आहेत, एकीच्या उंचवट्याला दुसरीचा खळगा. वरची आणि खालची दाढ आता एकमेकींच्या मापाच्या झाल्या. मगरीच्या तोंडात वरचा दात खालच्याला ओळखतसुद्धा नाही. इथे दोघींचा संसार. आणि एकदा जोडी जमली, की मग बदली परवडत नाही. आज वरची नवी आली, उद्या खालची गेली, असं चालू राहिलं तर धार धारेला लागणार कशी? धरून गिळणाऱ्याला दातांची गिनती लागते. चावून खाणाऱ्याला दातांची जोडी लागते. आपल्या घराण्याने गिनती सोडली आणि जोडी घेतली. मला तर हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा व्यवहार वाटतो. कातडीवर केस आले, रक्त गरम झालं, हे सगळं असेल. पण ते गरम रक्त पेटतं ठेवायला दिवसभर खावं लागतं, आणि खाल्लेलं लवकर अंगी लागायचं तर ते आधी बारीक व्हायला हवं.

आता थोरल्याने मघाशी विचारलेलं राहिलं, की मग मगरीला हे का जमलं नाही. त्याचं उत्तर पिल्लात आहे. मगरीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा वीतभरापेक्षा थोडं जास्त, आणि पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः धरून खातं. म्हणजे त्याला दात लगेच हवेत, आणि एवढ्याशा जबड्यात एवढेसेच मावणार. मग जबडा वाढत जातो, वीतभराची चार मीटर होते, आणि दर पावलाला आधीचे दात अपुरे पडतात, म्हणून मोठे, आणखी मोठे, असे येत राहावे लागतात. आपल्या घरात मात्र आईला दूध आलं. पिल्लू दूध पितं आणि जबडा दातांवाचून निवांत वाढत राहतो. वाढ बरीचशी उरकली की दात येतात, एकदा लहान मापाचे, मग कायमचे, आणि जबड्याची वाढ तिथे थांबते. वेल्सच्या त्या जनावराच्या दातांच्या या हिशेबावरूनच पुष्कळ जाणकार म्हणतात, की तेव्हा दूध होतं. दूध काही खडकात टिकत नाही. त्याचा पुरावा असा वाकड्या वाटेने काढावा लागतो.

आणि आता चुलत्यांना आवडलं असतं ते ऐका. दात कायमचा झाला, की त्याच्या मुळावर दरवर्षी एक पातळ थर चढतो, आणि ते थर मोजता येतात. २०२० साली शास्त्रज्ञांनी या मॉर्गनुकोडॉनचे आणि त्याच्याच खडकातल्या दुसऱ्या एका जनावराचे (त्या दुसऱ्याचं नाव क्यूनेच्या सन्मानार्थ क्यूनेओथेरियम) दात पुन्हा त्या क्षकिरण यंत्रात घातले आणि वर्षं मोजली. पहिला चौदा वर्षांपर्यंत जगे, दुसरा नऊपर्यंत. आजची एवढ्याच आकाराची चिचुंदरी वर्ष-दोन वर्षांत आटोपते. म्हणजे दात आपल्यासारखे झाले, पण जगण्याची चाल अजून सरड्याचीच, सावकाश, उन्हाच्या मर्जीची. अंग बदलायला निघालं की सगळं एकदम बदलत नाही. दात पुढे गेले होते, रक्त मागून येत होतं.

दातांच्या नादात जबड्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं, आणि तेच तर ऐकून माणसं माझ्याकडे संशयाने बघतात. मगरीच्या खालच्या जबड्यात दर बाजूला पाच-सहा हाडं असतात, आपल्यात एकच. बाकीची गेली कुठे? १८३७ मध्ये राइकर्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने डुकराचे गर्भ चिरून बारकाईने पाहिले आणि त्याला दिसलं, की सरपटणाऱ्यांत जी दोन हाडं जबड्याची बिजागरी होतात, त्यांच्याच जागी सस्तन पिल्लात कानातली दोन इवली हाडं तयार होतात. म्हणजे आपल्या पूर्वजाने ज्यांनी जबडा मिटला, त्यांनी आपण ऐकतो! लोक म्हणाले, हे कसं शक्य आहे, बिजागरी कानात निघून गेली तर मधल्या काळात जनावराने खाल्लं कशाने, उपास केला? शंका रास्त होती. उत्तर पुन्हा मॉर्गनुकोडॉनकडेच मिळालं. त्याच्या जबड्याला दर बाजूला बिजागऱ्या दोन, एक जुनी आणि तिच्याशेजारी एक नवी, दोन्ही कामावर. नवी पक्की झाली तशी जुनी मोकळी झाली आणि मागे सरकत गेली. आणि अमेरिकेतल्या ऑपॉसमचं पिल्लू आजही जन्मतं तेव्हा त्याची ही कानाची हाडं जबड्यालाच लागलेली असतात. थैलीत वाढता वाढता ती सुटून मागे जातात. पापड खाताना कानात कुर्रम आवाज होतो ना, तेव्हा कानातली ती दोन हाडं जुन्या नोकरीची आठवण काढत असतील, असं मला उगाच वाटतं.

इथून पुढे दाढ नटत गेली. वरच्या दाढेवर आतल्या अंगाला एक ठसठशीत टोक आलं आणि खालच्या दाढेच्या मागच्या भागात एक खोलगट जागा झाली, आणि तोंड मिटलं की हे टोक त्या खोलगटात जाऊन बसू लागलं. खलबत्ताच झाला की हो तोंडात. पुढच्या बाजूने कापायचं, मागच्या बाजूने कुटायचं, एकाच दाढेत दोन्ही. आपली, बैलाची, वाघाची दाढ या एकाच नमुन्यातून निघालेली आहे. कुणी कापायचं वाढवलं, कुणी कुटायचं.

अशा एका खलबत्त्याचा धागा आपल्या नागपूरपर्यंत येतो. तेलंगणात विकाराबादजवळ नास्कल नावाचं गाव आहे, आणि तिथे दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये तळ्याच्या गाळाचा एक थर अडकलेला आहे. एक लाव्हा वाहून थंडावला, त्यावर तळं साचलं, मग दुसरा लाव्हा आला. हा गाळ पोत्यापोत्यांनी आणायचा, भिजत घालायचा, बारीक चाळणीतून धुवायचा आणि जो चुरा उरेल तो सूक्ष्मदर्शकाखाली दाणा दाणा बघायचा. असं करून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांना मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या दाढा मिळाल्या, आणि १९८८ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातला भारतातला हा पहिलाच सस्तन प्राणी. नाव ठेवलं डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. हिस्लॉप म्हणजे ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे तेच स्टीफन हिस्लॉप. आले होते धर्मप्रसाराला, पण विदर्भातले दगड, हाडं, पाषाणवर्तुळं यांनी त्यांना असं धरून ठेवलं, की १८६३ साली टाकळघाटची वर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यातच त्यांचा अंत झाला. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी एका दाढेला त्यांचं नाव लागलं. सिरोंच्याच्या बाजूला प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे, त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांतून तर याच्याही कितीतरी आधीचे, डायनोसॉरांच्या भर अमलातले दात निघाले आहेत, आणि त्यातल्या एकाचं नाव चक्क त्रिशूलोथेरियम आहे.

पण एका दातावर पूर्ण जनावर उभं करायचं म्हणजे जोखमीचं काम, हेही सांगायला हवं. मध्य प्रदेशातल्या तिकीच्या जुन्या खडकात मिळालेल्या एका दाढेला २००५ साली टिकीथेरियम असं नाव मिळालं, बावीसेक कोटी वर्षांपूर्वीचा सस्तनांचा पूर्वज म्हणून त्याची थोडीथोडकी नव्हे, वीस वर्षं वाहवा झाली. अलीकडे दोघा रशियन अभ्यासकांनी ती दाढ पुन्हा निरखली आणि म्हणाले, की अहो, ही तर चिचुंदरीच्या जातीची दाढ, त्या मानाने फार अलीकडच्या काळातली, कुठून तरी जुन्या मातीत मिसळलेली! बैलबाजारात ओठ ओढताना चुलते एका दातावर कधी थांबत नसत, आठही बघत.

आता या व्यवहाराची किंमत कुणी किती दिली ते थोडक्यात ऐका. हत्तीच्या प्रत्येक जबड्यात दर बाजूला जन्मभरात सहाच दाढा, त्याही एकापाठोपाठ एक मागून पुढे सरकत येणाऱ्या. सहावी झिजली की साठीच्या पुढच्या त्या म्हाताऱ्या हत्तीला चारा चावता येत नाही, आणि अंगात ताकद असून तो उपासाने खंगतो. आपल्या कोकणच्या समुद्रातल्या डॉल्फिनने उलटी वाट धरली. मासा धरायचा आणि गिळायचा, चावायची भानगड नाही, म्हणून त्याचे दात पुन्हा मगरीसारखे एकसारखे टोकदार झाले. पण गेलेली गिनती काही परत मिळाली नाही, ते दात एकदाच येतात. आणि उंदीर! तुमचा दुधाचा दात पडला की तुम्ही तो उंदराच्या बिळात टाकता आणि त्याच्यासारखा नवा दे म्हणून त्याला सांगता. त्या उंदराला बिचाऱ्याला आयुष्यात दुसरा दात येतच नाही. पुढचे दोन-दोन वाढत राहतात म्हणून चाललंय, दाढा एकदाच्या. ज्याच्याकडे एकच जोड आहे, त्याच्याकडे दुसरी मागायला आपण जातो, आणि गंमत म्हणजे आपल्याला मिळतेसुद्धा.

तिसरी कधी मिळेल का, ही विचारपूस जपानात चालू आहे. दात उगवायला आडकाठी करणारं एक प्रथिन आपल्या अंगात असतं. त्याला औषधाने थोपवलं, तर फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला एक जादा दात आला, असं २०२१ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि २०२४ मध्ये क्योतोच्या रुग्णालयात ज्यांचा एखादा दात गेला आहे अशा माणसांवर औषध सोसतं का, याची चाचणी सुरू झाली. वय तीस ते चौसष्टची अट होती, म्हणजे माझा नंबर हुकलाच. पण समजा आलाच असा दात, तर तो समोरच्याशी जुळवून कोण घेणार, हे मी गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आजोबा, आधी कवळी रात्री पाण्यात ठेवत जा, मग बघू.